तेरवीचा फोटो

माणूस गेला की चौथ्या-पाचव्या दिवशी घरचं कोणीतरी स्टुडिओच्या पायरीवर येऊन उभं राहायचं. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी उठून जवळ जाईपर्यंत ते बोलायचं नाही. मग हळूच म्हणायचं, "भाऊ, बुढ्याचा फोटो मोठा करून पायजे होता. तेरवीले."

गुंडाळी उघडली की आत बहुधा ग्रूप निघे. लग्नाचा, शाळेतल्या मास्तरांचा, नाहीतर कुणाच्या बदलीच्या निरोप समारंभाचा. बोट फिरत फिरत एका जागी थांबे. "हे पाहा. मांगच्या लायनीत, डावीकून चौथे. पागोटं दिसते ना, तेच." चाळीस माणसांतलं ते एक तोंड. सत्तर वर्षं जगलेल्या माणसाचा तेवढाच एक फोटो, आणि तोही दुसऱ्याच्या कार्यक्रमातला.

या कामाला आम्ही 'कॉपी' म्हणत असू. फोटोवरून फोटो. छायाचित्रणाच्या पुस्तकांत क्लोजअपचं एक प्रकरण असतं, त्यात दवाचे थेंब, फुलपाखरं आणि गुलाबाच्या पाकळ्या असतात. मी १९६९ साली अमरावतीला मामांच्या हाताखाली शिकायला लागलो, पुढे अकोल्यात स्वतःचा स्टुडिओ टाकला आणि २००५ साली तो बंद केला. या छत्तीस वर्षांत दोन लेन्सच्या कॅमेऱ्यानं मी जेवढं जवळून पाहिलं, त्यात फुलं फार थोडी होती. बहुतेक गेलेल्या माणसांची तोंडं होती.

तोंडाच्या आकारावरून मामांनी कामाची प्रतवारी लावलेली होती. तूर, हरभरा, शेंगदाणा, सुपारी. मूळ फोटोत तोंड तुरीच्या दाण्याएवढं असलं तर मामा सरळ सांगत, "हे कॅमेऱ्याच्यानं होणार नाही, पेंटरकडे जा." पेंटर पावडर शेडिंगनं अंदाजे चेहरा काढी आणि घरचे 'बरंचसं तसंच आहे' म्हणून घेऊन जात. हरभरा असला तर कॅबिनेट साइजपर्यंत निभे. शेंगदाणा असला तर भिंतीवरची फ्रेम होई. आणि सुपारी, म्हणजे एखाद्या ओळखपत्राचा किंवा पासपोर्टचा फोटो निघाला, तर मामा गिऱ्हाइकासाठी चहा मागवत.

मामांचा स्टुडिओ राजकमल चौकाजवळच्या एका गल्लीत होता, आणि तो त्यांच्या वडिलांपासूनचा. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. वऱ्हाडात ही विद्या रेल्वेच्या मागोमाग आली. १८६७ साली मुंबईची गाडी नागपूरपर्यंत पोचली. वऱ्हाडचा कापूस त्या गाडीनं मुंबईला गेला आणि परतीच्या डब्यातून काचेच्या प्लेटा, कागद आणि रसायनं बडनेरा-अकोल्याला उतरू लागली. आजोबांचा लाकडी प्लेट कॅमेरा मी गेलो तेव्हाही कोपऱ्यात उभा होता, काळं फडकं पांघरून.

कॉपीच्या कामाला त्या लाकडी कॅमेऱ्यासारखा कॅमेरा नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्याचा भाता लांब ताणता येई. भाता जितका ताणावा तितकं जवळचं मोठं दिसे. लेन्सच्या फोकल लांबीच्या दुप्पट ताणला की वस्तू प्लेटेवर तिच्या खऱ्या आकाराची उमटे. उजेड मात्र चौपट द्यावा लागे. आणि मुख्य म्हणजे फडक्याखाली घासलेल्या काचेवर जे दिसे, तेच प्लेटेवर येई. उलटं दिसे, पण तेच येई. बघणारी लेन्स आणि घेणारी लेन्स एकच होती.

पण प्लेटा महाग होत्या, जड होत्या, आणि हळूहळू मिळेनाशा झाल्या. रोलफिल्म आली. तिच्याबरोबर दोन लेन्सचा कॅमेरा आला. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी फ्रांके आणि हायडेके या दोघांच्या कारखान्यानं १९२९ साली रोलायफ्लेक्स बाजारात आणला. ते दोघे आधी स्टिरिओ कॅमेरे करत. त्यात दोन लेन्स फोटो घेत आणि मधली तिसरी नुसती बघायला. त्यातली फोटो घेणारी एक लेन्स काढून टाकली आणि उरलेल्या दोन एकावर एक चढवल्या, तर जे होईल ते म्हणजे रोलायफ्लेक्स. वरच्या लेन्सनं बघायचं, खालच्या लेन्सनं घ्यायचं. १२० नंबरच्या रोलवर बारा फोटो, प्रत्येक सहा सेंटिमीटर चौरस. कॅमेरा छातीशी धरून वरून हूडमध्ये बघायचं. दिल्लीत होमाई व्यारावाला यांनी नेहरूंच्या काळातली कितीतरी छायाचित्रं याच कॅमेऱ्यानं घेतली.

मामांकडे रोलायकॉर्ड होता, रोलायफ्लेक्सचा स्वस्तातला धाकटा भाऊ. कोणाच्या तरी हातचा, मुंबईच्या फोर्टमधून आणलेला. नवा घेण्याची सोय नव्हती. परकीय चलनाच्या टंचाईनं आयातीवर बंधनं होती, त्यात १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि पावणेपाच रुपयांचा डॉलर एका रात्रीत साडेसातचा झाला. त्यामुळे आमच्याकडचा प्रत्येक कॅमेरा कोणाच्या तरी हातून उतरलेला असे. माझा याशिकामॅटही तसाच. तो १९७१ साली घेतला, तेव्हा त्याच्या चामडी पट्ट्यावर आधीच्या मालकाच्या घामाचे डाग होते.

या कॅमेऱ्यात एक खोट होती, आणि ती जवळ गेल्यावरच कळे. एकतर तो सव्वातीन फुटांच्या आत फोकसच होत नसे. दुसरं, वरची लेन्स खालच्या लेन्सपासून सव्वाचार सेंटिमीटरवर. दहा फुटांवरच्या नवरानवरीला त्यानं काही बिघडत नाही. सव्वातीन फुटांवर कॅमेऱ्याच्या नजरेत वरपासून खालपर्यंत सुमारे चौसष्ट सेंटिमीटर येतात. त्यात सव्वाचार म्हणजे पंधरावा हिस्सा. तेवढी चूक कॅमेऱ्याच्या आतली सरकती पट्टी सांभाळून घेते, नाहीतर फोटोग्राफर डोक्यावर थोडी जागा सोडतो. पण फूटभर अंतरावर नजरेत तेवीसच सेंटिमीटर उरतात. सव्वाचार मात्र सव्वाचारच राहतात. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. जितकं जवळ जाल, तितकं दिसलेलं आणि घेतलेलं यांत अंतर वाढत जातं. याला पॅरॅलॅक्स म्हणतात.

यावर कारखान्याचा उपाय होता, त्याचं नाव रोलायनार. दोन काचांची जोडी. पातळ काच खालच्या लेन्सवर, जाड काच वरच्या लेन्सवर. जाड काचेत प्रिझमसारखा उतार दिलेला असे, त्यामुळे वरच्या लेन्सची नजर खाली वळे आणि खालच्या लेन्सला दिसतं तेच हूडमध्ये दिसे. जाड काचेच्या कडेला एक लाल ठिपका असे. ठिपका वर यायला हवा; चुकून खाली आला की नजर भलतीकडेच वळे. मामांकडे दोन नंबरची जोडी होती, अर्ध्या मीटरपासून फूटभरापर्यंत चालणारी. ती ते चामडी डबीत ठेवत आणि डबी गजानन महाराजांच्या तसबिरीमागे. मला तिला हात लावायची परवानगी नव्हती.

त्यामुळे १९७२ च्या उन्हाळ्यात मामा लग्नाला बाहेरगावी गेले आणि दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक म्हातारी आपल्या मुलाबरोबर आली, तेव्हा मी माझी अक्कल चालवली. आणलेला फोटो एकट्या माणसाचा होता, पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. पागोटं, उपरणं, हातात काठी. तोंड चांगलं शेंगदाण्याएवढं. मी म्हटलं, फोटो ठेवून जा, परवा या. म्हातारी फोटो सोडायला तयार नव्हती. "एकच हाये बाप्पा. मी इथंच बसतो. तू काढून घे, मी घेऊन जातो." वऱ्हाडात बायाही 'बसतो, जातो' म्हणतात, आणि तिनं ते असं म्हटलं की पुढे बोलायला जागा राहिली नाही.

माझ्याकडे ओळखीच्या चष्मेवाल्यानं दिलेल्या दोन काचा होत्या, प्लस तीन नंबरच्या, म्हाताऱ्यांच्या वाचायच्या चष्म्यातल्या. हिशेब साधा असतो: प्लस एकची काच लावून कॅमेरा अनंतावर ठेवला की एक मीटरवरचं स्पष्ट दिसतं, प्लस दोननं अर्ध्या मीटरवरचं, प्लस तीननं तेहतीस सेंटिमीटरवरचं. वरून काच लावण्यात एक सुख असं की भाता ताणल्यासारखा जास्त उजेड द्यावा लागत नाही. मी दोन्ही लेन्सवर काचा चिकटवल्या, हूडमध्ये फोटो काठोकाठ बसवला आणि दोन वेळा बटण दाबलं. म्हातारी फोटो पदराखाली घेऊन सायंकाळच्या एस. टी.नं गेली.

रात्री रोल धुतला. निगेटिव्हवर उपरणं होतं, काठी होती, काठीखालची माझ्या टेबलाची फळीही होती. कपाळाच्या वर काही नव्हतं. वरच्या सव्वाचार सेंटिमीटरात पागोटं गेलं होतं. दोन्ही फ्रेममध्ये.

मामा परत आले, त्यांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. "काऊन बे, पागोटं कुठं ठेवलं?" एवढंच म्हणाले. आणि मग, "तेरवी कधी आहे?"

तेरवीला पाच दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा पिशवीत घालून दर्यापूरची गाडी पकडली, पुढे चार मैल पायी. तो पूर्णेचा खारपाण पट्टा. मे महिन्यात तिथली काळी जमीन हात जाईल एवढी फाटलेली असते आणि विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ओसरीत म्हातारी बसली होती. मी खरं ते सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "इतक्या उन्हाचा त्याच्यासाठी आला का? आधी पाणी पी. मंग काढ."

ओसरीच्या सावलीत कणगीला टेकवून फोटो उभा केला. समोर लाकडी स्टूल, त्यावर कॅमेरा. आता पॅरॅलॅक्स कसा काढायचा? रस्ताभर त्याचाच विचार चालला होता. वरच्या लेन्सनं बघून झाल्यावर खालची लेन्स बरोबर त्याच जागी आणली, तर तिलाही तेच दिसेल. म्हणजे कॅमेरा सव्वाचार सेंटिमीटर वर उचलायला हवा. पट्टी होती, उचलायला काही नव्हतं. म्हातारीच्या चुलीजवळ काडेपेट्या होत्या. एक मोजली: चौदा मिलिमीटर. तीन एकावर एक ठेवल्या: बेचाळीस.

कॅमेरा स्टुलावर ठेवून हूडमध्ये फोटो नीट बसवला. मग कॅमेऱ्याखाली तीन काडेपेट्या सरकवल्या. हूडमध्ये आता फोटो चुकीचा दिसत होता, पागोट्यावरची नुसती कणगी दिसत होती. तसंच बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा, दिसतंय ते चुकीचं आहे हे माहीत असून.

पागोटं आलं. भिंतीवरची फ्रेम तेरवीच्या आदल्या दिवशी पोचली.

त्यानंतर सुताराकडून सागाचा एक ठोकळा करून घेतला, बरोबर बेचाळीस मिलिमीटर उंचीचा. चष्मेवाल्यानं प्लस दोन आणि प्लस तीनच्या काचा गोल घासून जुन्या फिल्टरच्या कड्यांत बसवून दिल्या. बरीच वर्षं मला वाटे, ही युक्ती माझी. पुढे एका जुन्या परदेशी कॅटलॉगमध्ये मामिया कंपनीचं एक यंत्र पाहिलं, पॅरामेंडर नावाचं. दोन लेन्सच्याच कॅमेऱ्यासाठी. कॅमेऱ्याच्या आणि तिपाईच्या मध्ये बसतं. दांडी फिरवली की कॅमेरा लेन्समधल्या अंतराएवढा, म्हणजे पन्नास मिलिमीटर, वर जातो. माझ्या ठोकळ्याला दांडी नव्हती, एवढाच फरक.

त्याच मामियाच्या कॅमेऱ्यांना भाताही होता. सी-३३० मी एकदाच हाताळला, नागपूरच्या एका व्यावसायिकाकडे. आजोबांच्या लाकडी कॅमेऱ्याचा गुण जपाननं दोन लेन्सच्या पेटीत परत आणला होता. तो घेण्याची ऐपत मात्र आमची कधी झाली नाही.

कॉपीचं काम रात्री चाले. दोन्ही बाजूंनी शंभर-शंभरचे बल्ब, पंचेचाळीस अंशांत, म्हणजे चकाकी लेन्सकडे येत नाही. दोन्हींचा उजेड सारखा आहे का, हे पाहायला फोटोच्या मध्यावर शिसपेन्सिल उभी धरायची. तिच्या दोन सावल्या सारख्याच काळ्या दिसल्या की झालं. रोल ओर्वोचा, पूर्व जर्मनीचा, एनपी-१५. २५ एएसएचा, मंद पण बारीक दाण्याचा. अ‍ॅपर्चर एफ-१६, कारण चष्म्याच्या काचेला कडेकडेनं फोकस धरता येत नाही. केबल रिलीज लावून एक सेकंद. खिडकीखालून ट्रक गेला की थांबायचं.

फिल्टरची गंमत मामांनी शिकवली. फोटोवर चहाचा किंवा हळदीचा पिवळा डाग पडलेला असला तर पिवळा फिल्टर लावायचा, डाग फिका पडतो. पण चित्रच विटून पिवळं पडलं असलं तर उलट, निळा लावायचा, म्हणजे उरलंसुरलं चित्र गडद होऊन वर येतं. एका फोटोत दोन्ही असले तर कुठलं वाचवायचं ते गिऱ्हाइकाला विचारायचं. "कपाळ ठेवू का सदरा?" असं मी खरंच विचारलेलं आहे.

अकोल्याचा उन्हाळा या धंद्याचा वैरी होता. डेव्हलपर वीस अंशांवर असावा असं पुस्तक सांगतं आणि आमच्या नळाचं पाणी मे महिन्यात रात्रीही पस्तिसाच्या खाली उतरत नसे. अशा पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडून बोटाला लागतो. म्हणून बर्फाची लादी फोडून घमेल्यात घालायची, त्यात डेव्हलपरचं भांडं ठेवायचं, आणि नंतरच्या पाण्यात तुरटी. उन्हाळ्यात तेरव्याही जास्त असत. उष्माघातानं म्हातारी माणसं जात.

निगेटिव्ह आल्यावर खरं काम सुरू होई. शेंगदाण्याएवढं तोंड चष्म्याच्या काचेतून चार-पाच मिलिमीटरचं होऊन येई. ते एनलार्जरनं वाढवलं की दाणा दिसे, भुवया जात, डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या. मग फुल प्लेट साइजचा प्रिंट काढून त्यावर पेन्सिल आणि ब्रशनं डोळे परत आणायचे, आणि त्या प्रिंटची पुन्हा कॉपी घ्यायची. कॉपीची कॉपी. कधी नवऱ्याचा फोटो एका ग्रूपमधून आणि बायकोचा दुसऱ्यातून घेऊन जोडफोटो करायचा. जिवंतपणी कधी शेजारी बसून फोटो न काढलेली जोडपी आम्ही मेल्यावर शेजारी बसवली. बायकोच्या कपाळाचं कुंकू केवढं असे, हे सुनेला आठवे, मुलाला नाही.

एकाच प्रकारच्या कॉपीला पेन्सिल लावायची नाही, हा मामांचा दंडक होता: कोर्टाच्या. शेतीच्या वाटण्या, खरेदीखतं, इसारपावत्या. सही खरी की खोटी, अंगठा कोणाचा. वकिलाबरोबर परवानगी घेऊन जायचं, कागदाशेजारी पट्टी ठेवून सही जवळून घ्यायची. हूडमध्ये डावं उजवीकडे दिसतं, त्यामुळे प्रत्येक सही आरशातल्यासारखी उलटी. उलट्या सह्या वाचायची मला इतकी सवय झाली की माझ्याच पत्नीची सरळ सही बँकेत क्षणभर ओळखू आली नव्हती.

आणि कापूस. अकोल्याला २० ऑक्टोबर १९६९ रोजी कृषी विद्यापीठ झालं, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. कृषीचे विद्यार्थी प्रबंधात चिकटवायला फोटो मागायला येऊ लागले. त्या काळी प्रबंध टंकलिखित असे आणि त्यात ब्रोमाइडचे फोटो डिंकानं लावलेले. एक पोरगा औषधाच्या डबीत बोंडअळ्या घेऊन आला. प्लस दोन आणि प्लस तीन अशा दोन्ही काचा एकावर एक चढवल्या. आता नजरेत पंधरा सेंटिमीटर, आणि स्पष्ट दिसणारी खोली एफ-१६ ला जेमतेम अर्धा इंच. हिरवी अळी दीड इंचाची, ती झकास बसली. पण अर्ध्या सेकंदात ती चालू पडे. पोरगा म्हणाला, "काका, थंड केली तर सुस्त होते." घमेल्यातल्या बर्फावर डबी ठेवली. डेव्हलपरसाठी आणलेल्या बर्फावर बोंडअळी गपगार झाली आणि पोराच्या प्रबंधाला फोटो मिळाला. गुलाबी अळी अर्ध्या इंचाची, ती कापलेल्या बोंडासकट घेतली तर कळे. तुडतुडा मात्र तीन मिलिमीटरचा, तो निगेटिव्हवर मिलिमीटरभराचा ठिपका होऊन येई. तुडतुड्याचा फोटो मागायला येणाऱ्याला मी मामांचीच प्रतवारी ऐकवत असे: "हे तुरीपेक्षा लहान आहे."

हे सारं एकदम संपलं नाही. आधी पस्तीस मिलिमीटरचे एका लेन्सचे कॅमेरे आले; लेन्स आणि बॉडीच्या मध्ये नळी घातली की अळी काय, तुडतुडाही मोठा दिसे, आणि दिसे तेच फिल्मवर येई. पॅरॅलॅक्स हा शब्दच नव्या पोरांना सांगावा लागेना. १९८६ साली याशिकानं आपला शेवटचा दोन लेन्सचा कॅमेरा बनवणं थांबवलं. मग रंगीत लॅब आल्या, पेन्सिलीचं काम गेलं. शेवटी स्कॅनर आला, काचेवर पालथा घातलेला फोटो तो मिनिटभरात घेऊ लागला आणि ठोकळा ड्रॉवरमध्ये गेला. त्याबद्दल तक्रार नाही. स्कॅनर पागोटं कापत नाही.

पण एक गोष्ट स्कॅनरच्यानंही होत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

स्टुडिओ बंद करण्याच्या आधीच्या वर्षी परतवाड्याच्या दोन बहिणी आल्या. वडील गेले होते. आणलेला ग्रूप अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या एका जुन्या वर्गाचा. १९१४ साली स्थापन झालेली ती संस्था, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जिची माणसं जर्मनीला जाऊन भारतीय खेळ दाखवून आली. फोटोत तीस पोरं, सगळी उघड्या अंगानं, सगळ्यांच्या डोक्याचे केस एकाच न्हाव्यानं कापलेले, सगळ्यांची छाती फुगवलेली. थोरली म्हणाली, बाबा दुसऱ्या रांगेत तिसरे. धाकटी म्हणाली, छट्, पहिल्या रांगेत कडेचे. दोघी माझ्या काउंटरवर भांडल्या आणि मग रडल्या. फोटो उलटा केला. मागं कोरं होतं.

मी दोन्ही तोंडं घेतली, पोस्टकार्ड साइजमध्ये वाढवली आणि म्हटलं, घरी आईला दाखवा. दुसऱ्या दिवशी दोघी परत आल्या. आईनं दोन्ही बाजूला सारले होते आणि मूळ ग्रूपमध्ये तिसऱ्याच पोरावर बोट ठेवलं होतं. "ह्याचे कान पाहा," म्हणाली होती. मी तो तिसरा वाढवून दिला. तो कोण होता, हे आता सांगणारं कोणी नाही.

आज तुमच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो आहेत, आणि घरच्या ट्रंकेत दहा-वीस जुने. ते जुने काढा. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शेजारी बसवा. प्रत्येक फोटो पालथा करून मागं नावं, गाव आणि साल लिहा. मऊ शिसपेन्सिलीनं लिहा, हलक्या हातानं, कडेला. बॉलपेननं लिहू नका, त्याचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो आणि शाई पन्नास वर्षांनी पलीकडून वर येते. हे काम तेरवीच्या आधी करायचं असतं.